मायचं अर्धं सांगणं

आमच्या घरात बोलण्याला कधी तोटा नव्हता. बाप होता तेव्हा तो बोलायचा, माय त्याच्यावर बोलायची, आणि दोघं थकले की मी होतेच. "हिचं नाव शांता ठेवणाराला काय दिसलं व्हतं कोण जाणे," असं माय आल्यागेल्याला ऐकवायची, आणि नाव तर तिनंच ठेवलेलं. अबोल होता तो एकटा माझा थोरला भाऊ भागवत. त्याला मी दादा म्हणते. धरणाचं पाणी जिथं सरतं आणि गोदावरी पुन्हा नदीसारखी दिसायला लागते, तिथं काठावर आमची भोयांची वस्ती. पहाटे सगळ्यात आधी कानावर पडायचा तो काहिली ओढल्याचा खरखराट. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती मोठाली लोखंडी कढई, म्हणजे काहिल. ती जुनी झाली की आमचे लोक उचलून आणायचे आणि तिच्यात बसून जाळी टाकायचे. तो खरखराट थांबला की पलीकडच्या डोहातून बारीक, तुटक शिट्ट्या यायच्या. माय चुलीपुढं हात थांबवून ऐकायची आणि मग पुन्हा भाकरी थापायला लागायची.

त्या शिट्ट्या पाणमांजरांच्या. आता संभाजीनगरला मुलाकडं जाते तेव्हा सुनेच्या मैत्रिणी विचारतात, "मावशी, ते समुद्रात असतं ना हो?" अगं बायांनो, समुद्र कुठला, आपल्याच गंगेत, गोदावरीत असतं. अंगानं कुत्र्याएवढं लांब, पाय आखूड, तपकिरी तुळतुळीत केस, शेपूट जाड आणि चपटी. एकटं कधी नाही, सगळं कुटुंब सोबत. पाण्यात ती चंद्रकोरीसारखी रांग धरतात आणि मासा उथळाकडं हाकत नेतात. आमच्यात तिला आसरांची गुराखीण म्हणतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड डोहाच्या तोंडाशी आहेत. मासा हे त्यांचं जितराब, आणि ते राखायला ठेवलेली ही गुराखीण. भोई जाळ्याचा वेढा घालायला तिच्याकडूनच शिकले, असं म्हातारी माणसं सांगायची. खरं-खोटं मला माहीत नाही. पण जिथं ती नांदते तिथं नदी नांदते, हे मी डोळ्यानं बघितलं आहे.

म्हणून तिच्यावर पाळत ठेवायची आमची रीत. पाऊस सरला की वस्तीतल्या एका घराकडं वर्षाची पाळत जायची. त्या घरातल्या बाईनं रोज काठानं फिरायचं, बिळं बघायची, चिखलातले पंजे बघायचे, दगडावर टाकलेली घाण बोटानं फोडून तिच्यात मोठ्या माशाचे खवले आहेत का नुसती खेकड्याची टरफलं, ते बघायचं. त्या घाणीचा वास नाकातून दोन दिवस जात नाही, पण माय म्हणायची, "लेकराचा लंगोट धुताना कुठं नाक धरतो आपण?" अमावास्येला कुणी जाळं टाकत नाही. त्या दिवशी दुपारी सगळी वस्ती आसरांच्या दगडांपाशी बसायची. पाळतीची बाई घोटाभर पाण्यात उतरायची, ओंजळीत पाणी घ्यायची आणि महिनाभर काय दिसलं ते सांगायची. कुठल्या बिळात वस्ती आहे, पिलं आहेत का, कुठला पट्टा सोडायचा. त्याला आम्ही 'सांगणं' म्हणतो. ते संपलं की म्हाताऱ्यापासून सुरुवात करून जाळं टाकणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "ऐकलं." शेवटच्यानं ऐकलं म्हटल्याशिवाय सांगणं पुरं होत नाही आणि पुरं झाल्याशिवाय कुणी उठत नाही. एकदा एक म्हातारा बसल्याबसल्या घोरायला लागला. त्याला जागं करून त्याच्याकडून वदवून घेईपर्यंत सगळी वस्ती उन्हात बसून होती.

आणि एक मोठी अट. जे दिसलं ते काठावर सांगायच्या आधी घरात बोलायचं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. दोन अमावास्यांच्या मधलं सगळं पोटात ठेवायचं. कारण उघड आहे. गुराखीण जिथून जाते तिथून मासा जातो. तिची वाट ज्याला आज कळली, त्याचं जाळं उद्या तिथं पडणार.

बाप गेला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. तापानं गेला, पाण्यानं नाही, याचं मायला त्यातल्या त्यात समाधान होतं. पाऊस सरला आणि वस्तीतले वडील माणूस दगडूबाबा आमच्या दारात येऊन म्हणाले, "औंदा पाळत तुमच्या घरी, वहिनी." विधवेच्या घरी पाळत आधी कधी गेली नव्हती. त्या दिवशी मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं, झटकलं आणि परत घडी घालून ठेवलं. मी बरोबर जायची. "तोंडाला कुलूप घालशील का?" तिनं विचारलं. मी घातलं. शाळेत, पाणवठ्यावर, कुठंच बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, बाप गेल्यानं पोरगी सुधारली.

घरात मात्र दिवस कठीण होते. दादा तेव्हा एकोणीस-वीसचा. बाप असताना तो मागं बसणारा होता, आता काहिलीत पुढं बसायचं त्याच्यावर आलं. उन्हं उतरता यायचा, जाळं मेखेला टांगायचा, अर्धी भाकरी खायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. मासा हाती लागत नव्हता. बापाचा हात त्याला आला नव्हता आणि वस्तीतली पोरं तसं बोलूनही दाखवायची. माय त्याच्यापुढं वांग्यात सुके झिंगे घालून केलेलं कालवण ठेवायची, येसर लावलेली आमटी ठेवायची, अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल सोडायची. तो म्हणायचा, "बास." तेवढंच. दिवसचे दिवस त्या एका शब्दावर जायचे. मला त्याचा राग यायचा, मायला भीती वाटायची. मी पुढं आई झाले तेव्हा मला ती भीती कळली.

एका संध्याकाळी भाकरी भाजता भाजता माय एकदम म्हणाली, "भागवत, पिलं झाली रे." मी चमकून बघितलं. माय चुलीत बघत होती. "दोन हायेत. आय त्यायला पाण्यात ढकलती अन् ती परत तिच्या पाठीवर चढत्यात. भितात लेकाची. पाणमांजराची पिलं अन् पाण्याला भितात." दादानं मान वर केली. "खरंच?" तो म्हणाला. मग हसला. बाप गेल्यापासून त्याचं ते पहिलं हसू. त्यानं त्या दिवशी आणखी एक भाकरी मागून घेतली. माय ती वाढताना रडत होती आणि धुराचं निमित्त सांगत होती. मलाही बरं वाटलं. घर पुन्हा घरासारखं वाटलं.

त्यानंतर रोज जेवताना तेच. आज पिलू खेकड्याला घाबरलं, आज मादीनं मरळ धरून आणली आणि दोघांत वाटून दिली. दादा विचारायचा, माय सांगायची. एकदा त्यानं विचारलं, "मग सकाळी कुठून उतरती ती?" आणि मायनं त्याच सुरात सांगून टाकलं, "उंबराच्या मुळाखालून, डोहाच्या तोंडानं." तिला ते सांगताना काही वाटलं नाही. तिच्या लेखी ती लेकाला जेवू घालत होती. आजही कुणी मला विचारलं की तुझ्या मायनं रीत का मोडली, तर माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

दादाच्या हाती मासा लागायला लागला. मोठमोठ्या मरळ, जाडजूड वांबी. वैजापूरच्या बाजारात त्याची पाटी सगळ्यांआधी रिकामी व्हायची. त्यानं तंगूसचं नवं जाळं आणलं. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, पाण्यात दिसत नाही. आमची जुनी जाळी सुताची, ती दिसतात आणि दात लावले तर तुटतात. नव्या जाळ्याला तरंगायला काही लागतं म्हणून दादानं बापाच्या जुन्या रबरी चपला कापून त्यांचे तुकडे वरच्या दोरीला ओवले. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे की त्या," पण अडवलं नाही. बापाच्या पायाचं काहीतरी लेकाच्या कामी येतंय, असंही तिला वाटलं असेल.

अमावास्येला चार-पाच दिवस राहिले होते. सकाळी आम्ही दोघी काठानं निघालो. थंडी होती, पाण्यावर वाफ होती, आणि शिट्टी नव्हती. माय भराभर चालायला लागली. उंबराशी पोचलो तर डोहाच्या तोंडाला आडवं जाळं लागलेलं, मधोमध ते खाली ओढलं गेलेलं. माय लुगडं खोचून छातीभर पाण्यात गेली. जाळं ओढून काढलं तर त्यात मादी. तंगूस तिच्या मानेत आणि पंजांत रुतला होता. पाण्यातलं जनावर, पण श्वास घ्यायला तिला वर यावंच लागतं, आणि तिला वर येता आलं नव्हतं. बिळाच्या तोंडाशी दोन्ही पिलं बसून चिरकत होती. मागं पाण्यात बाकीचं कुटुंब घिरट्या घालत होतं. मायच्या हाताखाली दोरीवर चपलेचा तुकडा होता. त्याच्यावर अंगठ्याचा खोलगट ठसा होता. आम्ही दोघींनी तो ओळखला.

मायनं विळ्यानं जाळं कापून मादी सोडवली, पदरात गुंडाळली आणि उंबराखाली पुरली. मी माती ओढली. तेवढ्यात दादा आला. तो जाळं काढायला आला होता. त्यानं ओली माती बघितली आणि जागच्या जागी उभा राहिला.

"माय, मला नाय म्हाईत अशी अडकन म्हून," तो म्हणाला. "मला वाटलं, ती ओलांडून जाईन."

"दिसन तर ओलांडन ना, बाबा."

तो खाली बसला. मग म्हणाला, "कुणाला कळणार नाय. बाहेरचे लोक येतात जाळी टाकायला. सांगणं तुह्याच तोंडी हाये. त्यायचं म्हून सांग."

मायनं हात धुतले. "चल, न्याहारी कर," ती म्हणाली आणि घराकडं निघाली.

ते चार-पाच दिवस मी विसरू शकत नाही. घरात भांड्यांचा तेवढा आवाज. माय त्याच्यापुढं ताट ठेवायची, तो खायचा, दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत. रोज सकाळी मी आणि माय डोहावर जायचो. पहिल्या दिवशी पिलं होती, बाकीची त्यांना मासा आणून देत होती. मग एका सकाळी बीळ मोकळं होतं. कुटुंब पिलं घेऊन निघून गेलं होतं. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, मायनं खोटं बोलावं. गेलेली मादी काही परत येत नव्हती. दादा तरी वाचला असता. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, "शांते, पाण्यात उभं ऱ्हाऊन मला दुसरं काय बोलता येईन गं?" ती रागावली नव्हती. तिला खरंच सुचत नव्हतं.

अमावास्येला सगळे बसले. मायनं ते ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. घोटाभर पाण्यात उतरली, ओंजळ भरली आणि पिलं झाली तिथपासून सांगितलं. मग म्हणाली, "मादी मेली. तंगूसच्या जाळ्यात. जाळं माह्या लेकाचं, भागवतचं." बसलेल्यांत हालचाल झाली. "थांबा," माय म्हणाली. "जाळं त्याचं, पर वाट म्या दाखवली. काठावर सांगायच्या आधी म्या घरात सांगितलं. रोज सांगितलं. लेक जेवत नव्हता म्हून सांगितलं. माह्या तोंडानं ती मेली. एवढं दिसलं, एवढं सांगितलं." आणि ओंजळ सोडली.

कुणी शिवी दिली नाही, कुणी हळहळलं नाही. दगडूबाबांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "ऐकलं." त्यांच्या शेजारचा म्हणाला, "ऐकलं." असं एकेक करत ते वळण दादाकडं आलं. माय पाण्यातच उभी होती, त्याच्याकडं बघत होती. सगळे खाली बघत होते, त्याला लाज वाटू नये म्हणून. दादाचे ओठ हलले. मग तो उठला आणि वस्तीच्या उलट्या दिशेनं, सडकेकडं चालायला लागला. कुणी हाक मारली नाही. माय दिवस कलेपर्यंत पाण्यात उभी होती. शेवटी दगडूबाबाच म्हणाले, "वहिनी, या वर. ऱ्हाऊ द्या उघडं. येईन तवा म्हणन."

तो वाळूजला कारखान्यात लागला. पुढं तिथंच खोली, लग्न, लेकरं. आला नाही असं नाही. दिवाळीला यायचा, मायला लुगडं आणायचा, मला नोकरी लागली तेव्हा वैजापूरच्या शाळेत पेढे घेऊन आला. पण अमावास्येला कधी आला नाही आणि आसरांच्या दगडांकडं कधी फिरकला नाही. मायनंही कधी विषय काढला नाही. आमच्या घरी पाळत परत आली नाही. शिक्षा म्हणून नव्हे. अर्ध्या सांगण्यावर त्याच घराचं दुसरं सांगणं बसत नाही, एवढंच. दर अमावास्येला माय काठावर जाऊन बसायची आणि डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडायची. नव्यानं सून होऊन आलेली एखादी तिथं बसायला गेली की इतर बायका तिला हळूच बाजूला घ्यायच्या. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, "माह्यं सांगणं उघडंच ऱ्हायलं गं." दादा तेव्हा तिच्या पायाशी बसला होता. त्यानं ऐकलं असणार. तो पाय चेपत राहिला. दहाव्याला तो नदीवर आला, पण गावच्या घाटावर. मला त्याचा इतका संताप आला होता की मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही.

रिटायर झाल्यावर मी वस्तीवर परत आले. मुलगा म्हणतो, संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहा. मी म्हणते, तिथं शिट्टी ऐकू येत नाही. तशी इथंही कित्येक वर्षं येत नव्हती. मधली सारी वर्षं वस्तीची सांगणी एका ओळीची असायची. "काय दिसलं नाय." तरी बाई पाण्यात उतरायची, आणि सगळे ऐकलं म्हणायचे. मग मागच्या पावसाळ्यानंतर दगडूबाबांच्या नातसुनेला, सविताला, उंबराखाली ओले पंजे दिसले. ती पळत आली नाही, कुणाला बोलली नाही. अमावास्येपर्यंत तिनं ते पोटात ठेवलं. तिच्या त्या सांगण्याला मी पदरात तोंड घालून रडले. आता वनखात्याची पोरंही येतात, झाडाला कॅमेरे बांधतात. चांगली पोरं आहेत. आमच्यात बसतात आणि त्यांची पाळी आली की ऐकलं म्हणतात.

दादाचा फोन येतो. आता गुडघ्यांनी बेजार आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतो, "शांते, डोहात काय दिसलं का?" मी म्हणते, "काठावर ये, तिथं कळन." तो म्हणतो, "बरं," आणि फोन ठेवतो.

या थंडीतल्या अमावास्येला तो आला. नातवाच्या मोटारसायकलवर, कानाला मफलर. चपला लांबच काढल्या. मी मायच्या जागी बसते, डाव्या हाताची जागा मीही सोडते. तो कुणाला न विचारता तिथं येऊन बसला. सविता पाण्यात उतरली आणि म्हणाली, पिलं झाली आहेत, उंबराचा पट्टा सोडा. एकेक जण ऐकलं म्हणत आला. आता जाळं न टाकणारेही म्हणतात, मीही म्हटलं. मग तो.

"ऐकलं," दादा म्हणाला. पुढचा माणूस बोलणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला. पाण्याकडं बघत म्हणाला, "मायचं बी ऐकलं."

वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. ज्यांना होता ते खाली बघत होते. उरलेल्यांनी ऐकलं म्हटलं, शेवटचा आवाज झाला, आणि सविताच्या नवऱ्यानं आपला आजा मुंडासं काढायचा तसा मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला.

"झालं मग," तो म्हणाला. "उठा."

दादाला उठायला आधार लागला. मी हात दिला.